बारावी वस्तू

हॉलमध्ये अकरा वस्तू होत्या. पत्र्याच्या दोन ट्रंका, एक होल्डॉल, घडीचा पलंग, पाच लिटरचा कुकर, इंडक्शनची शेगडी, डब्यांची पिशवी, रेडिओ, हत्यारांची पेटी, खोक्यात उभा ठेवलेला किमान-कमाल तापमापक आणि गोणपाटाची एक गुंडाळी. ओजस्विनीनं दोनदा मोजलं. दाराच्या मागे आजोबांनी चिकटवलेल्या यादीत मात्र बारा ओळी होत्या. बाराव्या ओळीवर पट्टी धरून रेघ मारली होती. खालची अक्षरं अजून वाचता येत होती: बीपीचं मशीन.

"आजोबा, ये बारह नंबर का क्या हुआ?"

"रद्द," रघुनाथ म्हणाले. ते ट्रंकेच्या कडीला सुतळी बांधत होते.

"क्यों?"

"जागा नाही."

मशीन जेवणाच्या डब्याएवढं होतं. दुसऱ्या ट्रंकेत वरची वीतभर जागा रिकामी होती. ओजस्विनीनं ते पाहिलं. चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत हे घर त्या मशीनच्या घरघरीनं जागं व्हायचं. सकाळी सहाला आधी आजीचं बीपी, मग आजोबांचं. प्रत्येकी तीन रीडिंग, मधे पाच मिनिटं, मग सरासरी, मग वही. केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं इतरांची मापनयंत्रं तपासणारा माणूस एका आकड्यावर कसा विश्वास ठेवणार? ओजस्विनीला लहानपणी ताप आला की तोही तीनदा मोजला जाई. सुमनआजी गेली आणि मशीन कपाटात गेलं. ते पुन्हा बाहेर आलं नाही.

साडेआठ वाजले होते. टेम्पो दहाला यायचा होता.

दिवाळीच्या पाडव्याला आजोबांनी जेवताना सांगितलं होतं, की डिसेंबरपासून ते शहराबाहेर मुल्लानपूरला, इथल्या मापानं पाच मरल्याच्या आपल्या छोट्या प्लॉटवर बांधलेल्या दोन खोल्यांत राहणार. एकटे. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "सुमनचा कढीपत्ता." तिथल्या अंगणात तिनं लावलेलं ते झाड इथल्या थंडीत दरवर्षी करपायचं. रोज संध्याकाळी त्याला गोणपाट गुंडाळायचं, सकाळी सोडायचं. मागच्या हिवाळ्यात ते त्यासाठी सेक्टर एकोणपन्नासमधल्या या घरातून रोज दोन फेऱ्या मारत होते. एकोणऐंशीव्या वर्षी, स्कूटरवर, धुक्यात.

स्वयंपाकघरात ओजस्विनीची आई लीना पोह्यांसाठी कांदा चिरत होती. तिची नणंद मंजुषा दाराला टेकून उभी होती. ती काल रात्री पुण्याहून आली होती आणि तिच्या पर्समध्ये उद्याची दोन तिकिटं होती. त्यातलं एक अण्णांच्या, तिच्या वडिलांच्या नावाचं होतं. हे तिनं अजून फक्त लीनाला सांगितलं होतं.

"त्यांना डबा कोण देणार तिथं?" मंजुषानं विचारलं.

"स्वतः करणार म्हणतात. खिचडी, पिठलं. मी दर तिसऱ्या दिवशी भाजी-पोळ्या पाठवीन."

"म्हणजे सगळं ठरवून झालंय तुमचं."

लीनाचा हात थांबला. "ठरवलं त्यांनी, ताई. आम्ही फक्त ऐकलं."

"ऐकून घेतलंत, हेच म्हणतेय मी. अंबरीश एक शब्द बोलला नाही. आई असती तर त्यांची हिंमत झाली नसती. पण आई नाही, आणि घरात म्हातारा माणूस नको असला की—"

"ताई, पोह्यात शेंगदाणे घालू ना? तुम्हाला चालतात ना अजून?"

मंजुषा निघून गेली. लीनानं कांदा कढईत टाकला आणि तिला जाणवलं की मोहरी घालायचीच राहिली. तिनं कांदा पुन्हा ताटलीत काढला. या चौदा महिन्यांत तिनं असं बरंच काही तोंडाशी आलेलं परत आत ढकललं होतं. सासूबाईंच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची खोली आवरताना तिला उशीच्या अभ्र्यात एक वही मिळाली होती. निळ्या पुठ्ठ्याची, बीपीची. शेवटचं पान तिनं वाचलं होतं आणि वही होती तिथंच ठेवली होती. त्यानंतर अण्णांना चहा देताना ती एकदाही त्यांच्या डोळ्यांत सरळ पाहू शकली नव्हती. आणि ते सुनेला घाबरतात असं मंजुषाला वाटण्याचं कारणही बहुधा तेच होतं.

पोहे संपेपर्यंत कुणी विषय काढला नाही. मग मंजुषानं तिकिटाचा कागद अण्णांच्या बशीशेजारी ठेवला.

"उद्या दुपारचं विमान आहे. महिनाभर या. आवडलं नाही तर परत सोडते."

रघुनाथांनी कागद वाचला. नाव, वय, सीट. "वय चुकलंय. एकोणऐंशी पूर्ण आहेत."

"अण्णा!"

"बरं. येत नाही मी."

"मग इथं राहा. निदान माणसात राहा. तिथं काय आहे? निम्मे प्लॉट रिकामे. अर्धवट भिंती आणि भटकी कुत्री. काही झालं तर कोण येणार?"

"पीजीआय तिथून जास्त लांब नाही. दोन्हीकडून मोजलंय मी."

"हॉस्पिटल जवळ असून काय उपयोग, न्यायला माणूस नको?"

मंजुषाचा धाकटा भाऊ अंबरीश फोनमध्ये बघत होता. मोहालीतल्या एका कंपनीत तो पन्नास जणांचा साहेब होता, पण ताई आणि अण्णा समोरासमोर आले की सहावीत असल्यासारखा बसायचा. "मी म्हटलं होतं त्यांना, ताई," तो म्हणाला. "कॅमेरा लावू म्हटलं. तेही नको."

"कॅमेरा कढीपत्त्याला लाव," अण्णा म्हणाले.

ओजस्विनी हसली. मंजुषा हसली नाही.

"एका झाडासाठी घर सोडतात का अण्णा? खरं सांगा. कुणी काही बोललं का तुम्हाला इथं?" तिनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. "कुणाच्या डोळ्यात खुपता आहात का तुम्ही?"

"ताई, बास यार," अंबरीश म्हणाला.

"तू गप्प बस. बायकोसमोर गप्प बसतोस तसा. पंधरा दिवसांपूर्वी अण्णांनी मला फोनवर काय सांगितलं, विचार त्यांना. 'लीना माझ्याकडे बघतसुद्धा नाही.' हे त्यांचे शब्द आहेत. माझे नाहीत."

लीना दारात आली होती. हातात चहाचा ट्रे होता. तिनं ट्रे टेबलावर ठेवला. एक वाक्य पुरेसं होतं. वहीत काय आहे ते विचारा, एवढंच. तिनं साखरेचा डबा अण्णांसमोरून उचलून मंजुषासमोर ठेवला.

"तुम्ही अर्धा चमचा घेता ना, ताई," ती म्हणाली.

रघुनाथांनी हे पाहिलं. यंत्र चुकतंय हे त्यांना आकड्यावरून नव्हे, तर काटा कुठं अडखळतो त्यावरून कळायचं. सून काहीतरी गिळते आहे हे त्यांच्या लक्षात आलं, आणि काय गिळते आहे हेही. वही अभ्र्यात ज्या बाजूनं ठेवली होती त्या बाजूनं ती नव्हती. तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपणच विसरलो.

ते उठले. आपल्या खोलीत गेले. परत आले तेव्हा हातात निळी वही होती. ती त्यांनी मंजुषाला दिली नाही. उघडून स्वतःच धरली, लांब, चष्म्याशिवाय.

"लीनाला काही बोलू नकोस," ते म्हणाले. "ऐक. अंबरीश, तूही. सहा दहाला सुमन म्हणाली, छातीवर कुणी पाट ठेवल्यासारखं वाटतंय. तिला घाम आला होता. मी म्हटलं, बस, पाच मिनिटं शांत बस, मग बीपी घेऊ. मशीनच्या पुस्तिकेत तसंच लिहिलंय. सहा सोळाला पहिलं. वरचा आकडा एकशे अडुसष्ट. सहा बावीसला दुसरं, एकशे बेचाळीस. सहा अठ्ठावीसला तिसरं. एकशे अठरा."

त्यांनी बोटानं वहीतली पुढची ओळ धरली.

"आकडा उतरत होता. मला वाटलं, बरं वाटतंय तिला. मी सरासरी काढली. एकशे बेचाळीस पूर्णांक सात." त्यांनी वही किंचित जवळ आणली. "बरोबर आहे ती. पुन्हा तपासली मी, नंतर. गणित बरोबर आहे. सहा छत्तीसला तिची मान कलली, तेव्हा मी अंबरीशला हाक मारली. हॉस्पिटलमध्ये विचारलं, त्रास कधी सुरू झाला. मी साडेसहा सांगितलं. तुम्हालाही तेच सांगितलं. गेले चौदा महिने या टेबलावर जो कोणी सांत्वनाला येतो त्याला मी साडेसहा सांगतो, आणि अंबरीश शेजारी बसून मान हलवतो."

त्यांनी वही मिटली. "म्हणून जातोय. झाडाचं खरं आहे. पण म्हणून जातोय."

खालून हॉर्न वाजला. लगेच अंबरीशच्या फोनवर टेम्पोवाला, गाडी खाली उभी आहे म्हणून सांगायला. "अंकलजी नूं कह दो, गड्डी थल्ले खड़ी ए."

"दस मिनट," अंबरीश म्हणाला आणि फोन ठेवला. मग तो उठला, जवळची ट्रंक एकट्यानं उचलली आणि खाली गेला. दोन मजले, छत्तीस पायऱ्या. परत आला. होल्डॉल घेऊन गेला. परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती. तिसऱ्या खेपेला त्यानं काहीच उचललं नाही. घडीच्या पलंगावर बसला.

"मी जागा होतो," तो म्हणाला.

"काय?" मंजुषानं विचारलं.

"त्या सकाळी. सहापासून जागा होतो. फोन बघत पडलो होतो. मशीनचा आवाज ऐकला मी, अण्णा. तीनदा. मला वाटलं, रोजचंच. तीन झाले, आता आईचं संपलं, आता अण्णांचं सुरू होईल, मग चहा येईल." तो तळव्यांकडे बघत होता. ट्रंकेच्या कडीचे लाल वळ उठले होते. "मीही कुणाला सांगितलं नाही."

मंजुषानं आधी भावाकडे, मग वडिलांकडे पाहिलं. गेली चार वर्षं ती आईला म्हणत होती की तुला महिनाभर पुण्याला घेऊन जाते, आणि दर वेळी बँकेचं मार्चएंड किंवा मुलाची परीक्षा आड येत होती. आत्ता हे सांगण्यासारखं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. ती लीनाकडे वळली.

"तुला माहीत होतं."

"हो."

"केव्हापासून?"

"तेराव्यानंतर."

"आणि मी मघापासून काय काय बोलले तुला. बोलायचं होतंस की!"

"माझं नव्हतं ते सांगायचं," लीना म्हणाली. "आणि अण्णा, मी तुमच्याकडे बघत नव्हते ते रागानं नाही. बघितलं असतं तर तुम्हाला कळलं असतं."

रघुनाथांनी मान हलवली. ते खुर्चीत बसले. चहावर साय धरली होती.

"बरं," मंजुषा डोळे पुसत म्हणाली. आवाज पुन्हा मोठ्या बहिणीचा झाला होता. "जे झालं ते झालं. पण मग तर तुम्ही एकटे मुळीच राहता कामा नये. शेजारच्या खोलीत माणूस असताना हे झालं. तिथं तर..."

"आत्या, एक मिनट."

ओजस्विनीनं हत्यारांची पेटी उघडली होती. त्यातून मोजायची टेप काढून ती आजोबांच्या खोलीत गेली. "पापा, इधर पकडो." अंबरीशनं नकळत टेपचं टोक धरलं, आजीच्या पलंगाच्या उशाशी. ती दुसरं टोक घेऊन बाहेर आली आणि आईबाबांच्या खोलीच्या दाराशी थांबली.

"तीन मीटर चाळीस," ती म्हणाली. टेप सर्रकन परत गेली. "डिस्टन्स इतना ही था. और टाइम लगा छब्बीस मिनट. मुल्लानपूर अठरा किलोमीटर आहे. डिस्टन्स से होता, तो यहाँ कुछ सेकंद में होना चाहिए था ना? आपण सगळे चुकीची गोष्ट मोजतोय. आजोबा कुठं राहतात हे नाही. त्रास सुरू झाल्यापासून फोन करेपर्यंत किती वेळ, वो मेजर करना है."

"काय बोलतेय ही?" मंजुषानं विचारलं.

"बरोबर बोलतेय," रघुनाथ म्हणाले. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच बदलला होता. एखाद्या कच्च्या पोरानं जोडणीतली चूक दाखवावी तसा. "पण सव्वीस मिनिटं आधी नेलं असतं तर ती... ते सांग."

"ते नाही सांगता येत, आजोबा. किसी को नहीं आता. एकच केस आहे. एका रीडिंगवरून तुम्ही स्वतः कधी काही म्हटलंय का?"

खाली टेम्पोवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला.

"राहू देत त्यांना तिथं?" मंजुषा लीनाला म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच ती लीनाला खरंच विचारत होती.

"थांबवलं तर उद्या स्कूटरवर जातील, ताई. एवढ्या धुक्यात. मला ती भीती जास्त आहे."

"स्कूटरची किल्ली मी घेऊन जाते पुण्याला."

"तेवढं करा," लीना म्हणाली.

"मी इथंच बसलोय," रघुनाथ म्हणाले.

"माहितीये," दोघी एकदमच बोलल्या. अंबरीशनं भिंतीकडे तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलले.

मग अटी ठरल्या. स्कूटर नाही, आणि त्यांनी किल्ली स्वतः काढून मंजुषाच्या हातात दिली, जणू प्रयोगशाळेचं कपाट सोपवत होते. तिथल्या शेजारच्या घरातल्या सरदारजींकडे घराची एक किल्ली. फाल्गुन संपला, थंडी गेली, की पंधरा दिवस पुण्याला, आणि त्याला त्यांनी 'बघू' म्हटलं नाही, 'हो' म्हटलं. मशीनबद्दल अंबरीश म्हणाला की न्यायला काय हरकत आहे, डॉक्टरही म्हणतात. लीना मधेच म्हणाली, "नको. त्यांनी रेघ मारलीय ना. महिन्याला दवाखान्यात मोजू."

"आणि फोन कुणाला करायचा?" मंजुषानं विचारलं. "अंबरीशला. लिहून ठेवा मोठ्या अक्षरात."

"मीटिंगमध्ये असलो तर फोन उचलत नाही मी," अंबरीश खरं ते बोलला.

"लीनाला करेन," रघुनाथ म्हणाले.

ओजस्विनी यादीपाशी गेली. तिनं कपाटातून एक कोरी वही काढली, पहिल्या पानावर पट्टीनं एकच उभी रेघ आखली. डाव्या रकान्यावर लिहिलं 'त्रास', उजव्यावर 'फोन'. मराठी अक्षरं तिला सवयीची नव्हती. 'त्रास'चा 'त्र' तिनं आजोबांना विचारून काढला.

"तिसरा रकाना?" त्यांनी विचारलं. "फरकाचा?"

"फरक मैं निकाल लूँगी."

"किती वेळा मोजायचं?"

"एक बार, आजोबा. एकदाच."

त्यांनी दारामागच्या यादीत बाराव्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहिली, तिला पुन्हा बाराच नंबर दिला, आणि वही ट्रंकेच्या रिकाम्या जागेत न ठेवता कोटाच्या खिशात घातली.

टेम्पो पावणेअकराला निघाला. मंजुषा पुढं बसली, चालकाशेजारी, गोणपाटाची गुंडाळी मांडीवर घेऊन. मागच्या गाडीत बाकीचे. मुल्लानपूरला पोचल्यावर तिनं अंगणात जाऊन कढीपत्ता पाहिला. तो तिच्या खांद्यापर्यंत आला होता. त्याची वरची पानं काळी पडली होती, खालची हिरवी होती. संध्याकाळी अण्णांनी गुंडाळायला सुरुवात केली तेव्हा तिनं न सांगता दुसरं टोक धरलं. सुतळीची गाठ त्यांनी दाखवली तशी तिनं मारली. दुसऱ्या दिवशी ती एकटीच विमानात बसली, शेजारची सीट रिकामी ठेवून.

अकराव्या दिवशी, बुधवारी, सकाळी लीनाचा फोन वाजला. खिडकीबाहेर समोरची इमारत दिसत नव्हती.

"लीना, ओट्याशी उभा होतो. डोकं एकदम हलकं झालं. आता खाली बसलोय."

"छातीत?"

"नाही. घाम नाही. नुसतं हलकं."

"उठू नका. दार?"

"हाक मारलीय, सरदारजी किल्लीनं आत येतायत. तू आवाज दे फक्त, गप्प होऊ नकोस."

ती बोलत राहिली. अंबरीशनं शर्टावर स्वेटर उलटा चढवला आणि किल्ली शोधली. धुक्यामुळे त्यांना पन्नास मिनिटं लागली. तोपर्यंत सरदारजींनी अण्णांना दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, बीपीची गोळी जास्त होतेय, अर्धी करा, आणि रिकाम्या पोटी थंडीत बाहेर जाऊ नका. नऊपर्यंत सगळे मुल्लानपूरच्या घरी परतले. झाडावरचं गोणपाट तसंच होतं. ते अंबरीशनं सोडलं.

लीनानं चहा टाकला. ओट्यावर वही उघडी पडली होती, वर पेन. अक्षर नेहमीपेक्षा तिरकं होतं. तिनं पानाचा फोटो काढून ओजस्विनीला पाठवला.

त्रास ६.४२. फोन ६.४३.